गाडीचा विमा, शहराचा पत्ता आणि आंबेडकरी भूमिका

आरक्षण, ॲट्रॉसिटी, शिष्यवृत्ती, गायरान जमीन या प्रश्नांवर आपण तासन्‌तास बोलतो. विम्यावर मात्र आपल्या सभेत कुणी बोललेले आम्ही ऐकलेले नाही. विमा हा गाडीवाल्यांचा, म्हणजे पैसेवाल्यांचा विषय, अशी समजूत त्यामागे आहे. ती आता टिकत नाही. बीड, परभणी, नांदेडकडची आपली कितीतरी मुले पुण्या-मुंबईत कर्जावर गाडी घेऊन ॲपवर कॅब चालवत आहेत. विमा संपायची तारीख जवळ आली की त्यांची झोप उडते. शहरात गाडी ठेवायची तर इतके पैसे का, हा त्यांचा प्रश्न आहे. 'शहर महागच असते' एवढ्या उत्तराने तो सुटत नाही.

आधी पॉलिसीचा कागद नीट वाचू. त्यात दोन वेगळे पैसे असतात. एक थर्ड पार्टीचे: आपल्या गाडीने दुसऱ्याचा जीव गेला, हातपाय गेला, तर त्याला भरपाई मिळावी म्हणून. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे हा विमा सक्तीचा आहे. दुसरे ओन डॅमेजचे: आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे आणि चोरीचे.

थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवते आणि तो देशभर एकच असतो. मलबार हिलचा मालक असो की माजलगावचा, १००० सीसीपर्यंतच्या खाजगी कारला १ जून २०२२ पासून लागू झालेला दर २,०९४ रुपये, वर जीएसटी. इथे पत्ता कुणी विचारत नाही.

ओन डॅमेजमध्ये मात्र पत्ता येतो. जुन्या सरकारी दरपत्रकाने खाजगी गाड्यांसाठी देशाचे दोन झोन केले. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद ही आठ शहरे 'ए' झोनमध्ये; उरलेला सगळा देश 'बी'मध्ये. पाच वर्षांच्या आतल्या, १००० सीसीपर्यंतच्या गाडीला 'ए' झोनचा दर ३.१२७ टक्के, 'बी'चा ३.०३९. पाच लाखांच्या गाडीवर फरक पडतो ४४० रुपयांचा. म्हणजे त्या दरपत्रकात शहराचा बोजा फार मोठा नव्हता. आणि झोन ठरायचा गाडीच्या पासिंगवरून, ती रोज कुठे पळते यावरून नव्हे. एमएच-२३ पासिंगची गाडी हिंजवडीत धावली तरी 'बी'च! पण २००७ पासून हे दरपत्रकाचे बंधन सुटत गेले. आता कंपनी आपले आडाखे आपणच बांधते. कोणत्या शहराला, कोणत्या आरटीओला किती लावायचे याचा हिशोब गाडीवाल्यासमोर मांडला जात नाही. एजंटला विचारा, तो म्हणेल, 'सिस्टीम दाखवते तेवढे.'

ही 'सिस्टीम' पुढे कुठे जाते ते पाहायचे असेल तर अमेरिकेकडे पाहावे लागेल. तिथे पिनकोडसारखा झिपकोड असतो आणि गाडीच्या विम्याचा दर त्यावरून ठरतो. २०१७ साली प्रोपब्लिका आणि कन्झ्युमर रिपोर्ट्स या दोन संस्थांनी कॅलिफोर्निया, इलिनॉय, टेक्सास आणि मिसुरी या राज्यांतले दर तपासले. शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्ये तपासलेल्या ३४ पैकी ३३ कंपन्या, धोका तेवढाच असूनही, अल्पसंख्याकांच्या वस्त्यांत गोऱ्यांच्या वस्त्यांपेक्षा सरासरी १० टक्के किंवा त्याहून जास्त पैसे घेत होत्या. वाक्य पुन्हा वाचा: धोका तेवढाच असूनही. काळ्या वस्तीत अपघात आणि चोऱ्या जास्त, म्हणून दर जास्त, हा कंपन्यांचा नेहमीचा युक्तिवाद. तो या आकड्यांपुढे उभा राहत नाही.

समजा काही वस्त्यांत धोका खरोखर जास्त आहे. मग ती वस्ती तशी कुणी केली? १९३० च्या दशकात अमेरिकन सरकारच्या गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे काढून काळ्यांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या; तिथे कर्ज देणे धोक्याचे ठरवले. पैसा आला नाही, घरे मोडकळीला आली, रस्ते खराब झाले. आणि मग त्याच पत्त्यावर विमा महाग! त्याआधी, १८८१ साली, प्रुडेन्शियल या विमा कंपनीने काळ्या ग्राहकांकडून गोऱ्यांइतकाच हप्ता घेऊन भरपाई मात्र एक तृतीयांशाने कमी केली होती. पुढे १८९६ मध्ये त्याच कंपनीच्या फ्रेडरिक हॉफमन या आकडेतज्ज्ञाने काळ्यांची वंशगुणांमुळेच अधोगती होते असे मांडणारे पुस्तक लिहिले. त्याचा समाचार घेणाऱ्यांत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस होते. याच डुबॉइस यांना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहून निग्रोंचा प्रश्न आणि अस्पृश्यांचा प्रश्न यांतले साम्य दाखवले होते. म्हणून शिकागोची गोष्ट आपल्याला परकी नाही.

गावकुसाबाहेर राहणे आपल्या बापजाद्यांनी निवडले नव्हते. शहरात आल्यावर चाळ, झोपडपट्टी, नाल्याकाठची जागा वाट्याला आली, तीही निवडलेली नव्हती. भाड्याचे घर शोधताना आडनाव विचारतात हे आपण सगळे जाणतो. कर्ज देणाऱ्यांच्या तोंडी 'निगेटिव्ह एरिया' हा शब्द असतो, हेही वस्तीतल्या पोरांना माहीत आहे. ज्या समाजात पत्ताच जातीने ठरवला, तिथे पत्त्यावरून दर लावणे म्हणजे जात न विचारता जातीचा दंड घेणे होय. इथे विमा कंपन्या आजच पिनकोडवर जातीचा दर लावतात असे आम्ही म्हणत नाही; तसा पुरावा आमच्याकडे नाही. आमचे म्हणणे एवढेच, की दाराला कडी नाही. जुलै २०२२ मध्ये विमा नियामकाने गाडी किती आणि कशी चालवली त्यावरून दर लावायला परवानगी दिली. ऐकायला न्याय्य वाटते. पण रात्रीचे चालवणे धोक्याचे धरले, तर भुर्दंड रात्रपाळी करणाऱ्यालाच बसणार ना?

आता कॅबवाल्याकडे येऊ, कारण खरी टोचणी तिथे आहे. तीच १००० सीसीची गाडी पिवळ्या प्लेटवर घेतली की थर्ड पार्टीचा दर ६,०४० रुपये अधिक प्रत्येक प्रवाशामागे १,१६२. चार प्रवाशांचे मिळून १०,६८८. पांढऱ्या प्लेटच्या पाचपट! कॅब दिवसभर रस्त्यावर असते, धोका वाढतो, हे आम्हाला मान्य आहे. पण त्या धोक्यातून कमिशन कोण घेते? ॲपवाली कंपनी प्रत्येक फेरीतून कापून घेते आणि गाडीचा हप्ता, विमा, चलन सगळे चालकाच्या डोक्यावर. नफा कंपनीचा, जोखीम चालकाची, हा कुठला न्याय?

मात्र मित्रांनो, 'थर्ड पार्टी बंद करा' अशी घोषणा आपण देता कामा नये. गाडीखाली येतो तो कोण असतो? पहाटे रस्ता झाडणारी सफाई कामगार बाई, फुटपाथवर झोपलेला बिगारी, सायकलवरचा वॉचमन. तेही आपलेच. धडक देऊन पळालेल्या गाडीने मेलेल्याच्या घरच्यांना १ एप्रिल २०२२ पर्यंत फक्त २५,००० रुपये मिळायचे, आता २ लाख मिळतात. आणि ट्रिब्युनल भरपाई मोजते ती मृताच्या कमाईवर, म्हणजे गरिबाचा जीव मेल्यावरही स्वस्तच. विमा हवाच. तो कुणाच्या पैशाने आणि कोणत्या निकषावर, हा वाद आहे.

बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये विमा हा राज्याचा एकाधिकार असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मजुरीच्या प्रमाणात आयुर्विमा घेणे बंधनकारक असावे, अशी तरतूद घटनेतच मागितली होती. हप्ता मजुरीच्या प्रमाणात, पत्त्याच्या नव्हे. ते आयुर्विम्याबद्दल लिहीत होते, पण तत्त्व गाडीच्या विम्यालाही लावता येते. १९७३ मध्ये सामान्य विमा राष्ट्रीयीकृत झाला, २००० नंतर खाजगी कंपन्यांना दार उघडले, आणि आपण एकही मोर्चा काढला नाही.

कॅलिफोर्नियात लोकांनी १९८८ मध्ये मतदान करून कायदा करून घेतला: दर ठरवताना आधी चालकाचा अपघातांचा इतिहास, किती मैल चालवतो, किती वर्षे चालवतो हे पाहायचे; पत्ता नंतर. २०१७ च्या त्याच तपासणीत तिथली तफावत इतर राज्यांपेक्षा कमी निघाली. आपण इथे तीन गोष्टी मागू शकतो. ओन डॅमेजमध्ये शहराचा आणि पत्त्याचा भार किती ते पॉलिसीवर छापा. पिनकोडवरून दर लावायला नियामकाने बंदी घालावी. आणि कॅबच्या थर्ड पार्टीतला वाढीव भाग ॲप कंपनीने भरावा.

या मागण्या घेऊन जायचे तर हातात कागद हवा. वस्तीतल्या दहा-बारा कॅबवाल्यांच्या पॉलिसी गोळा करा. तेच मॉडेल, तेच वर्ष असलेल्या शेजारी शेजारी ठेवा. ओन डॅमेजचा आकडा, आयडीव्ही, नो क्लेम बोनस आणि पासिंग वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. हा तक्ता तयार झाला की आम्हाला पाठवा.

जयभीम.