मुरगावच्या धक्क्यावरचा माणसांचा सौदा



दुसऱ्या महायुद्धात, ऑक्टोबर 1943 मध्ये, आपल्या गोव्यातल्या मुरगाव बंदरात दोन प्रवासी जहाजे लागली. एक अमेरिकेने भाड्याने घेतलेले स्वीडिश ‘ग्रिप्सहोम’, दुसरे जपानचे ‘तेइया मारू’. गोवा तेव्हा पोर्तुगालचा आणि पोर्तुगाल तटस्थ, म्हणून माणसांच्या या अदलाबदलीला धक्का आपला. दोन्हीकडची दीड-दीड हजाराच्या आसपास माणसे जहाज बदलून गेली. डोकी मोजून दिली, मोजून घेतली. जपान्यांच्या छावण्यांतून सुटलेल्या भुकेल्या अमेरिकनांसाठी ग्रिप्सहोमवर जेवणाची टेबले भरून मांडली होती. ते सुटले, ठीकच झाले. पण त्यांच्या बदल्यात तेइया मारूवर कोण चढले, ते कोणी सांगत नाही. आम्ही सांगतो.

अदलाबदल करायची तर हाती माल हवा. अमेरिकेतल्या पुष्कळ जपान्यांनी जपानला जायला साफ नकार दिला. मग माल आणला पेरूहून. लिमातले न्हावी, दुकानदार, त्यांची बायकापोरे. त्यांच्या भरभराटीवर तिथे आधीपासूनच डोळा होता. 1940 मध्ये त्यांची दुकाने लुटून झाली होती. पेरूच्या पोलिसांनी उचलायचे, अमेरिकेच्या जहाजांनी न्यायचे, असा बेत ठरला. लॅटिन अमेरिकेतून अशी सुमारे 2,200 माणसे नेली, त्यांतली सुमारे 1,800 पेरूची. वाटेत पासपोर्ट काढून घेतले आणि अमेरिकेच्या किनाऱ्यावर पाय ठेवताच ‘बेकायदा प्रवेश’ असा ठपका ठेवून टेक्सासच्या क्रिस्टल सिटीसारख्या छावण्यांत डांबले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच!

त्यांतले आठशेहून अधिक जण अदलाबदलीत जपानला गेले. स्पॅनिश बोलणारी, जपान कधी न पाहिलेली पोरे म्हणे ‘मायदेशी’ परतली. युद्ध संपल्यावर पेरूने उरलेल्यांपैकी बहुतेकांना दार बंद केले आणि आणखी शेकडो बेचिराख जपानात रवाना झाले. 1988 च्या कायद्याने अमेरिकेने आपल्या जपानी वंशाच्या नागरिकांची माफी मागितली, प्रत्येकी 20,000 डॉलर दिले. पेरूवाल्यांना मात्र वगळले, कारण तेच: कागदोपत्री घुसखोर! दहा वर्षे भांडल्यावर तडजोड झाली प्रत्येकी 5,000 डॉलरवर.

युद्धात असे चालायचेच, म्हणणाऱ्यांना आमचा एकच सवाल आहे: लिमातल्या न्हाव्याने कोणावर बंदूक रोखली होती?

आणि अमेरिकेला नावे ठेवून आपण सुटत नाही. 1962 च्या चीनबरोबरच्या युद्धात भारत सरकारने आसाम, दार्जिलिंग, शिलाँगमधल्या सुमारे 3,000 चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत कोंडले. कित्येकांचा जन्म इथलाच. 1963 मध्ये चिनी वंशाच्या दोन हजारांहून अधिक लोकांना मद्रासहून जहाजांनी चीनला धाडले. काही जण 1967 पर्यंत छावणीतच राहिले. माफीचा एक शब्द नाही.

आमच्या मागण्या साध्या आहेत. मुरगाव बंदरावर या अदलाबदलीचा फलक लावा आणि त्यावर पेरूहून पळवून आणलेल्यांचा उल्लेख करा. देवळीच्या कैद्यांची संसदेत माफी मागा. त्यांतली माणसे अजून हयात आहेत, तोवर मागा.

— काही गोवेकर नागरिक

(वाचून झाल्यावर हे पत्रक शेजाऱ्याला द्यावे.)