आधी यंत्र तपासा, मग आकडा वाचा

वजन करण्याआधी काटा शून्यावर आहे का, हे बघणाऱ्या मुलाला आपण वेगळा गुण देत नाही. द्यायलाच हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. मोठ्या प्रयोगशाळेत तरी दुसरं काय करतात?

पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला फक्त 10 मायक्रोग्रॅम. एवढंसं मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये आरगॉन वायूचा प्लाझ्मा असतो, 6000 केल्विनच्याही वर तापलेला. तो रेणू नीट तोडतोय का, हे नमुना लावण्याआधी सिरियमच्या द्रावणावर पाहतात. सिरियम ऑक्साइडचं प्रमाण साधारण 2-3 टक्क्यांच्या वर गेलं, की वायूचा प्रवाह पुन्हा जुळवायचा.

तरी एक चकवा उरतोच बरं का! आरगॉन 40, क्लोरीन 35. दोघं चिकटले की 75. आर्सेनिकही 75च. म्हणून खारट पाण्याचा आकडा आला, तर मी आधी विचारीन, हा चकवा कसा टाळला?