आकाशाची शहादत कोण देणार?

2 एप्रिल 2022 ला गुढीपाडवा होता आणि त्याच संध्याकाळी रमजानचा चांद दिसला. महाराष्ट्रातले मुसलमान गच्च्यांवरून पश्चिमेकडे डोळे लावून होते, त्याच संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास राज्याच्या आकाशातून आगीचे लोळ सरकत गेले. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात आठ-दहा फूट व्यासाचं, सुमारे 40 किलो वजनाचं धातूचं कडं पडलं. पवनपारला धातूचा गोळा सापडला. अल्लाहचं करम, कुणाला इजा झाली नाही.

उल्का की विमान, यावर वाद सुरू झाला. खरं नाव सांगितलं ते अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी: फेब्रुवारी 2021 मध्ये सोडलेल्या चिनी चांग झेंग 3बी रॉकेटचा तिसरा टप्पा. आधार होता अमेरिकन लष्कराने ठेवलेल्या नोंदींचा. इस्रोचे शास्त्रज्ञ नंतर गावात गेले, पण आपल्या अंगणात पडलेल्या वस्तूची ओळख आपल्याला परक्याच्या वहीतून झाली. माझा आक्षेप इथे आहे.

आपल्याकडे यंत्रं नाहीत असं नाही. श्रीहरिकोट्याला एकाच वेळी 10 वस्तूंचा माग काढणारं रडार आहे. अर्धा मीटर लांब-रुंद तुकडा ते 1000 किलोमीटरवरून टिपतं. रेडिओलहर सोडायची, तिचा प्रतिध्वनी ऐकायचा, लागलेल्या वेळावरून अंतर आणि लहरीतल्या फरकावरून वेग काढायचा. 'नेत्र' प्रकल्पात आणखी एक रडार उभं राहतंय. गंमत बघा, तेही चंद्रपूरलाच, फक्त ते चंद्रपूर आसामातलं.

मग लोक म्हणतात, 'सर, नालासोपाऱ्यात नळाला पाणी नाही आणि तुम्ही रडारचं काय घेऊन बसलात?' पाणी मागायलाच हवं. पण अर्नाळ्याच्या नि पाचूबंदरच्या मच्छीमाराला वादळाची खबर उपग्रहामुळेच लवकर मिळते, आणि त्या उपग्रहाला कचऱ्यापासून वाचवावं लागतं. 2023 मध्ये इस्रोला आपले उपग्रह टक्कर टाळण्यासाठी 23 वेळा हलवावे लागले. त्या वर्षी सावधगिरीचे सुमारे 1 लाख इशारे आले, तेही अमेरिकेच्या लष्करी यंत्रणेकडून. उद्या तिथून इशारे थांबले तर?

दुसरे म्हणतात, 'हा देशाच्या सुरक्षेचा मामला आहे, सगळं उघड कसं करणार?' अमेरिकाही आपले हेरगिरीचे उपग्रह उघड यादीतून वगळतेच. बाकीची यादी मात्र जगाला बघायला देते. जळून गेलेल्या रॉकेटच्या टाकीत कसलं आलंय गुपित? जे लपवायचं ते लपवा, पण कचऱ्याची वही उघडी ठेवा.

तिसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: नोंद ठेवून तरी काय, कुठे पडणार ते सांगता येत नाही. हे बऱ्याच अंशी खरं आहे. अशी वस्तू सेकंदाला साडेसात किलोमीटर धावते. वेळेचा अंदाज एका तासाने चुकला तर जागा 27,000 किलोमीटरने चुकते. पण नोंदीचं काम फक्त भाकिताचं नसतं, साक्षीचंही असतं. 1972 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जमिनीवर झालेल्या नुकसानीची जबाबदारी वस्तू सोडणाऱ्या देशावर येते. 1978 मध्ये सोव्हिएत युनियनचा कॉसमॉस 954 कॅनडात कोसळला. वस्तू कुणाची हे स्पष्ट होतं, म्हणून कॅनडाला दावा लावता आला आणि 1981 मध्ये 30 लाख कॅनडियन डॉलर मिळाले. लाडबोरीत ते कडं एखाद्या झोपडीवर पडलं असतं, तर आपण कुणाच्या वहीवर दावा लावला असता?

आणि ही वही आपल्याविरुद्धही साक्ष देईल, याची तयारी हवी. 2019 च्या 'मिशन शक्ती'त आपणच आपला उपग्रह फोडला आणि शेकडो तुकडे केले. 2023 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर लागलेली टाकी आपल्या पीएसएलव्हीची होती. साक्ष स्वतःच्या विरोधात गेली तरी खरी द्या, हे कुरआन आपल्याला शिकवतं. देशालाही तोच नियम लागू आहे.

म्हणून मागणी साधी आहे. इस्रो दरवर्षी अवकाशातल्या परिस्थितीचा अहवाल काढते, हे चांगलंच आहे. पण तो आकड्यांचा अहवाल झाला. कोणती वस्तू, कुणाची, आज कुठे, ही यादी आपल्या रडारवरून, आपल्या संस्थेने, सर्वांना बघता येईल अशी द्यावी. आणि काही पडलंच तर काय करायचं, ते मराठीत आणि उर्दूत गावोगाव पोचवावं. टाकीत विषारी इंधनाचा अंश असू शकतो, हात लावू नका, एवढं एक वाक्य सरपंचाला आधी माहीत असतं तर लोक त्या गोळ्यांभोवती जमले नसते.

ईदच्या चांदसाठी आपण गवाह मागतो: कुणी पाहिला, कुठून पाहिला, किती वाजता पाहिला. त्यावर वाद घालतो, कमिटीला जाब विचारतो. त्याच आकाशात माणसाने सोडलेल्या कचऱ्याबद्दल तेच तीन प्रश्न सरकारला विचारायला आपली जीभ का अडखळते?