चिखलाला लोन कोण देतं?

कॉटन ग्रीन या नावातलं 'ग्रीन' कुठून आलं, असा प्रश्न हार्बर लाईनवर रोज लटकणाऱ्या किती जणांना पडतो कोण जाणे. स्टेशनात उतरलात तर समोर गोदामं, ट्रक, कबुतरं आणि धूळ. हिरवं म्हणावं असं फार काही नाही. तर मंडळी, हे ग्रीन म्हणजे मैदान. एशियाटिकच्या पायऱ्यांसमोर, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी, पूर्वी 'बॉम्बे ग्रीन' नावाचं मोकळं मैदान होतं. तिथे कापसाच्या गासड्यांचे ढीग पडायचे. शहरातल्या लोकांना त्रास व्हायला लागला म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हा कारभार कुलाब्याला गेला. तिथेही जागा पुरेना, तेव्हा 1920च्या दशकात तो शिवडीकडे आला. जाताना प्रत्येक वेळी नाव बरोबर घेऊन गेला. मैदान मात्र मागेच राहिलं!

कापूस इथून लिव्हरपूलला जायचा. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस अडला आणि मुंबईत पैसा नुसता वाहत आला. त्या पैशाचं काय करायचं, तर समुद्र बुजवायच्या कंपन्या काढायच्या आणि त्यांचे शेअर्स विकायचे. 1865 मध्ये तो फुगा फुटला. परदेशी पैसा येणार आणि पहिली नजर समुद्रावर जाणार, ही या शहराची खोड तशी जुनीच आहे.

आता कॉटन ग्रीनहून एक स्टेशन पुढे चला. शिवडी. पूर्वेला बाहेर पडून बंदराकडे चालत गेलं की लागतो चिखल. खराखुरा, काळा, पाय घातला तर गुडघ्यापर्यंत नेणारा. हिवाळ्यापासून मेपर्यंत त्या चिखलात गुलाबी रंगाची गर्दी असते. फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी. त्यातले बहुतेक धाकटे रोहित. डोकं उलटं करून पाण्यातलं शेवाळ गाळून खाणारे. नव्वदच्या दशकात ते इथे मोठ्या संख्येने दिसायला लागले. शहराच्या सांडपाण्यामुळे खाडीत शेवाळ माजलं आणि पक्ष्यांना मेजवानी मिळाली, असं जाणकार सांगतात. म्हणजे आपण जे फ्लश करतो त्यावर जगातला एक देखणा पक्षी पोट भरतो. यावर अभिमान बाळगायचा की लाज, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा दुपारी बारा वाजता, गॉगल लावून, अगदी टूरिस्टसारखी. बंदरावर चहावाले काका होते. त्यांना विचारलं, "काका, फ्लेमिंगो कुठे असतात?"

"भरती हाय ताई. चिखल दिसंल तवा पक्षी दिसंल. दोन-तीन तासांनी या."

एवढी साधी गोष्ट कुठल्याही विकेंड गाईडमध्ये नव्हती. फ्लेमिंगो बघायचे तर आधी चिखल उघडा पडायला हवा.

त्याच चिखलावरून आता अटल सेतू जातो. शिवडी ते न्हावा शेवा, 21.8 किलोमीटर, त्यातले सुमारे 16.5 किलोमीटर समुद्रावर. 12 जानेवारी 2024 रोजी उद्घाटन झालं. सेल्फी काढून झाले असतील, त्यामुळे पुलाचं कौतुक मी करत बसत नाही. माझा मुद्दा त्याच्या पैशाचा आहे. खर्च 17,840 कोटी रुपयांच्या वर गेला आणि त्यातला मोठा वाटा आला जायकाकडून. जायका म्हणजे परदेशांना विकासासाठी कर्ज देणारी जपान सरकारची संस्था. कर्जाच्या पहिल्या हप्त्याचा करार 31 मार्च 2017 रोजी झाला. रक्कम 14,479.5 कोटी येन. हो, येन. आमच्या ऑफिसातल्या फायनान्सवाल्याला हे सांगितलं तर त्याचा पहिला प्रश्न, "एक्स्चेंज रिस्क कोणाची?" येन वधारला की रुपयातला हप्ता फुगणार. तुमच्याआमच्या फ्लॅटच्या फ्लोटिंग रेटसारखंच, फक्त आकडे जरा जास्त.

मला रस आहे तो कर्जाबरोबर येणाऱ्या कागदांत. होम लोन घेताना बँक कशी टायटल सर्च, सोसायटीची एनओसी, इन्शुरन्स असलं सगळं मागते? तसंच जायकाही मागते. तिची पर्यावरण आणि समाजाविषयीची नियमावली आहे. या पुलाच्या वेळी 2010 ची लागू होती. ज्या प्रकल्पाने मोठं नुकसान होऊ शकतं तो 'अ' वर्गात. त्याचा पर्यावरण अहवाल करारावर सही होण्याच्या 120 दिवस आधी लोकांसमोर ठेवायचा. आणि नियम पाळले जात नाहीत असं वाटलं, तर ज्यांना त्याची झळ बसते असे कर्ज घेणाऱ्या देशातले कोणीही दोन रहिवासी थेट जायकाच्या परीक्षकांकडे आक्षेप नोंदवू शकतात. फक्त दोन! आपल्या सोसायटीची जनरल बॉडीसुद्धा एवढ्या कोरममध्ये होत नाही.

याचा उपयोग होतो का? थोडा होतो. शिवडीच्या बाजूला पुलाला आवाज अडवणारे पडदे आहेत. खांबांसाठी खोदताना कमी आवाजाची यंत्रं वापरली. बीएनएचएसने, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, खाडीतल्या रोहितांचा बरीच वर्षं अभ्यास केला, 2022 मध्ये काही पक्ष्यांना जीपीएस यंत्रं लावली. हे सगळं आपल्याला आपसूक सुचलं असतं, असं मला वाटत नाही. देशातले नियमही आहेतच. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये खारफुटी तोडणं म्हणजे जगण्याच्या हक्कावर घाला असं ठरवलं, आणि सार्वजनिक कामासाठी तोडायची झाली तरी न्यायालयाची परवानगी लागते. पण सावकार दारात उभा असला की माणूस जरा नीट वागतो, हेही खरं.

गोम अशी की सावकाराला पुलात रस आहे. चिखल त्याच्या हिशेबात 'परिणाम' या रकान्यात येतो, म्हणजे पूल बांधताना वाचवायची गोष्ट. चिखलासाठी म्हणून कोणी वेगळं कर्ज काढत नाही, कारण चिखलाला टोल लावता येत नाही. सेतू सुरू झाला तेव्हा मोटारीला एका फेरीचे 250 रुपये होते. फ्लेमिंगो एका फेरीचे काय देणार?

आणि फेरी किती लांबची! इथले बरेचसे रोहित कच्छच्या रणात वाढतात, भारत-पाकिस्तान सीमेलगतच्या खाऱ्या जमिनीवर. त्यांच्या शेजारी चिखलात टुकटुक चालणारे छोटे तपकिरी पक्षी, ज्यांच्याकडे कोणी कॅमेरा वळवत नाही, ते तर आणखी लांबून येतात. बाकदार चोचीचा तुतवार अंडी घालतो सैबेरियाच्या उत्तर टोकाला. मध्ये पाचसहा देश, विसा नाही. वाटेतला एक थांबा बुजवला गेला तर बाकीच्या देशांनी आपापला थांबा कितीही जपला तरी साखळी तुटते. या रस्त्याला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. त्यात 30 देश येतात. स्थलांतरित प्राण्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराची परिषद 2020 मध्ये गांधीनगरला झाली, मग फेब्रुवारी 2024 मध्ये समरकंदला, आणि तिथे या मार्गासाठी भारताच्या पुढाकाराने एक संयुक्त उपक्रम मंजूर झाला. समन्वयाचं कार्यालय भारतात असावं असं ठरलं. छान. फक्त, पैशाची पिशवी कोणाच्या हातात आणि ती कोण भरणार, हा प्रश्न अशा परिषदांत नेहमी डेझर्टच्या वेळी येतो.

चिखलाची सामाईक काळजी घेता येतच नाही, असं नाही. युरोपात वॉडन समुद्र आहे. नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्क यांच्या किनाऱ्याला लागून पसरलेला प्रचंड चिखल. ओहोटीला मैलोनमैल उघडा पडतो, तिथेही सैबेरियातून येणारे पक्षी थांबतात. 1978 पासून हे तीन देश त्याचा एकत्र विचार करतात, 1982 मध्ये संयुक्त जाहीरनामा झाला, 1987 पासून विल्हेल्म्सहाफेन गावात तिघांचं मिळून एक सचिवालय चालतं. 2009 मध्ये जर्मन आणि डच भाग जागतिक वारसा यादीत गेला, 2014 मध्ये डेन्मार्कचाही. लोक तिथे हौसेने चिखलात चालायला जातात. त्यांच्याकडे पैसा आहे हो, मान्य. पण 1978 मध्ये त्यांनी आधी ठरवलं की हा एकच चिखल आहे, तीन देशांचे तीन नाहीत.

आपण अजून एका शहरातही तसं ठरवलेलं नाही. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं, सुमारे 1,690 हेक्टर. 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा मिळाला. दोन्ही बातम्यांत तुम्ही गुलाबी फोटो पाहिले असतील. अभयारण्य मात्र वाशी आणि ऐरोलीच्या पुलांच्या दरम्यान आहे. शिवडीचा चिखल, जिथले फोटो पाहून मुंबईला फ्लेमिंगो आवडायला लागले, तो त्या रेषेच्या बाहेर राहतो. पक्षीतज्ज्ञांनी त्याला महत्त्वाचं पक्षिक्षेत्र म्हटलंय, पण ती उपाधी आहे, कायदा नव्हे. भरती आली की हेच पक्षी उडून नवी मुंबईच्या तळ्यांवर बसतात. तिथल्या तळ्यांत पाणी शिरायची वाट अडली की काय होतं, ते 2024 मध्ये नेरुळच्या डीपीएस तळ्यावर दिसलं. त्याच मेमध्ये घाटकोपरला विमानाच्या धडकेत एका रात्रीत 39 च्या आसपास रोहित मेले. त्यानंतर, एप्रिल 2025 मध्ये, राज्याच्या वन्यजीव मंडळाने ते नेरुळचं तळं संवर्धन राखीव करायचा निर्णय घेतला.

गंमत म्हणजे याच खाडीखालून बुलेट ट्रेनचा बोगदा जातोय. सुमारे 21 किलोमीटर लांबीचा, त्यातले 7 किलोमीटर खाडीखाली, म्हणजे वर अभयारण्याला धक्का नको. कर्ज पुन्हा जायकाचं, मूळ अंदाजाच्या 81 टक्के, 0.1 टक्का व्याजाने, 50 वर्षांसाठी. पहिली 15 वर्षं मुद्दल फेडायचं नाही. एवढ्या स्वस्तात, एवढ्या लांब मुदतीचा पैसा चिखलाला कधी मिळाला असता तर? पन्नास वर्षं पाणथळ जागा राखायची, पक्षी मोजायचे, भरतीच्या वाटा मोकळ्या ठेवायच्या. पुलाच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ असेल. पण अर्ज कोणी करायचा? पालिकेने, बंदराने, वनखात्याने, की त्या 30 देशांनी मिळून? शिवडीची किनारपट्टी बंदराच्या ताब्यात, खारफुटी वनखात्याकडे, सांडपाणी पालिकेचं, पूल एमएमआरडीएचा. को-अ‍ॅप्लिकंटच चार, आणि कोणाचीही सही आधी होत नाही.

बाकी, जायचं असेल तर मे संपायच्या आत जा. भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघा, दुर्बीण न्या, पांढरे शूज घरी ठेवा. आणि गुलाबी गर्दीच्या शेजारी ते तपकिरी तुतवार दिसले तर एक फोटो त्यांचाही काढा.