दिल्लीकरांचे अर्धे मत

खानापूर, आटपाडी, माण, खटाव हा सारा टापू अवर्षणाचा. पावसाने पाठ फिरवली की इथला माणूस पूर्वी मुंबईच्या गिरणीत जाई, गोदीत जाई. आणि ज्याच्या हाती मूस आणि भट्टीचे काम आले तो त्याहूनही दूर गेला. सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या गलाई व्यवसायात विटा आणि त्याच्या पंचक्रोशीतील माणूस नाही, असा मोठा सराफ बाजार आज देशात शोधून काढावा लागेल. दिल्लीही त्याला अपवाद नाही. चांदणी चौकाच्या गल्ल्यांत आणि करोलबागेत भट्टीपुढे घाम गाळणारी ही माणसे गावच्या यात्रेला न चुकता येतात, देवळाच्या जीर्णोद्धाराला वर्गणी देतात आणि पुन्हा गाडीत बसतात. त्यांतील पुष्कळांची नावे आता दिल्लीच्याच मतदार यादीत आहेत. मुले तिथेच शिकली, तिथेच वाढली.

एक भाऊ विट्यात मत देतो, दुसरा दिल्लीत. दोघांच्याही बोटाला शाई तीच लागते. परंतु दोघांच्या मताला वजन एकच आहे काय?

गलाई करणाऱ्याच्या मागे एक कायमची धास्ती असते. त्याच्याकडे गाळायला आलेले सोने कुठून आले हे त्याला दरवेळी ठाऊक असतेच असे नाही. आणि कुठे चोरी उघडकीस आली की पोलीस प्रथम त्याच्या दारात उभे राहतात. खरा दोषी असेल त्याला शासन व्हावे, त्याबद्दल दुमत नाही. पण निरपराध माणसाचा माल उचलून नेला, तर त्याने दाद कुणाकडे मागावी? विट्यातील भाऊ आपल्या आमदाराकडे जातो. आमदार विधानसभेत प्रश्न विचारतो आणि गृहमंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते. उत्तर समाधानकारक असते असा आमचा अनुभव नाही, पण ते द्यावे तरी लागते. दिल्लीतील भावाचाही आमदार आहे. मात्र ज्या विधानसभेत तो बसतो, तिला पोलिसांवर अधिकार नाही. दिल्लीचे पोलीस केंद्रीय गृहखात्याचे. भट्टीची खोली निवासी भागात आहे म्हणून तिला कुलूप ठोकले, तर जमिनीचा विषयही केंद्राचा. २००६ साली दिल्लीत दुकाने आणि कारखाने सील करण्याची मोहीम चालली तेव्हा लाखो कष्टकऱ्यांचे आणि छोट्या धंदेवाल्यांचे दैव ज्या नियोजन आराखड्यावर अवलंबून होते, तो बदलण्याचा अधिकार दिल्लीच्या निर्वाचित सरकारकडे नव्हता. तो केंद्राच्या नगरविकास खात्याकडे होता.

ही व्यवस्था कशी आली हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. १९५२ मध्ये दिल्लीला ४८ सदस्यांची विधानसभा मिळाली आणि चौधरी ब्रह्मप्रकाश पहिले मुख्यमंत्री झाले. राज्य पुनर्रचनेबरोबर १९५६ साली ती विधानसभाच गुंडाळली गेली. म्हणजे भाषावार प्रांतरचनेसाठी मराठी माणूस रस्त्यावर रक्त सांडत होता, त्याच वर्षी दिल्लीच्या माणसाच्या हातातील होते-नव्हते ते राज्य काढून घेतले गेले. आणि आमच्या लढ्याच्या गर्दीत त्याची कुणी फारशी दखलही घेतली नाही. १९५८ मध्ये महानगरपालिका आली. १९६६ च्या कायद्याने ५६ निर्वाचित आणि ५ नियुक्त सदस्यांची महानगर परिषद आली. तिने चर्चा करावी, शिफारशी कराव्यात आणि घरी जावे, एवढेच तिचे काम. पुढे १९९१ च्या ६९ व्या घटनादुरुस्तीने ७० आमदारांची विधानसभा परत मिळाली, तीही सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस आणि जमीन हे तीन विषय वगळून.

उरलेल्या विषयांत तरी लोकांचे राज्य चालले काय? ४ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की या तीन विषयांबाहेर नायब राज्यपालाने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागावयाचे आहे. त्यावर २०२१ साली संसदेने कायदा करून ठरविले की विधानसभेच्या कायद्यात ‘सरकार’ हा शब्द येईल तेथे त्याचा अर्थ नायब राज्यपाल असा घ्यावा. शब्दकोशाचे इतके धाडस आजवर कुणी केले नव्हते! ११ मे २०२३ रोजी न्यायालयाने अधिकाऱ्यांच्या नेमणुका व बदल्या निर्वाचित सरकारच्या हाती दिल्या आणि अवघ्या ८ दिवसांत, १९ मे रोजी, वटहुकूम निघाला. ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला. या कायद्याखालील प्राधिकरणात तिघे बसतात. मुख्यमंत्री अध्यक्ष, आणि सोबत मुख्य सचिव व गृहखात्याचे प्रधान सचिव. निर्णय बहुमताने व्हावयाचा. लाखो मतदारांनी निवडलेल्या मुख्यमंत्र्याचे एक मत आणि कुणीही न निवडलेल्या दोन अधिकाऱ्यांची दोन मते. एवढ्यावरही मतभेद उरलाच, तर अखेरचा शब्द नायब राज्यपालांचा.

फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीनंतर दिल्लीत आणि केंद्रात एकाच पक्षाची सत्ता आली, त्यामुळे रोजचे भांडण थांबले. भांडण थांबले म्हणजे प्रश्न सुटला असे मानणारे भोळे लोक आपल्याकडेही आहेत. कायदा जसाच्या तसा उभा आहे. मालकाची मर्जी आहे तोवर कुळाला निर्धास्त झोप लागते, पण त्याने कूळकायद्याची गरज संपत नाही. साताऱ्या-सांगलीच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगण्याची जरुरी नाही.

आता विरुद्ध बाजूचा विचार केला पाहिजे, कारण ती केवळ सत्तालोभाची बाजू नाही. राजधानी साऱ्या देशाची आहे. तेथे संसद, सर्वोच्च न्यायालय आणि परदेशांचे वकिलाती आहेत. केंद्र सरकारला आपल्या दारातील बंदोबस्तासाठी दुसऱ्या सरकारची विनवणी करावी लागू नये. घटनेचा मसुदा १९४८ मध्ये सादर करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मसुदा समितीनेही भारताची राजधानी स्थानिक प्रशासनाच्या हाती देणे कठीण असल्याचे मत नोंदविले होते आणि त्यासाठी अमेरिका व ऑस्ट्रेलिया यांचे दाखले दिले होते. बाबासाहेबांच्या समितीचे मत झटकून टाकण्याइतके आम्ही उथळ नाही. परंतु दाखल्यांचे पुढे काय झाले हेही पाहिले पाहिजे. ऑस्ट्रेलियाने १९८८ च्या कायद्याने कॅनबेराच्या राजधानी प्रदेशाला स्वतःची विधानसभा दिली. ब्राझीलच्या १९८८ च्या घटनेनंतर ब्रासिलियाच्या संघीय जिल्ह्याचे लोक आपला गव्हर्नर स्वतः निवडतात. अमेरिकेने वॉशिंग्टनच्या रहिवाशांना अध्यक्षीय निवडणुकीत मत देण्याचा अधिकार १९६१ च्या २३ व्या घटनादुरुस्तीने दिला आणि १९७३ मध्ये मर्यादित स्वराज्यही दिले. तरीही सुमारे ७ लाख वस्तीच्या त्या शहराला अमेरिकी संसदेत मतदान करू शकणारा एकही प्रतिनिधी नाही, आणि वायोमिंग या राज्याला, ज्याची वस्ती त्याहून कमी आहे, २ सिनेटर आहेत. प्रतिनिधित्वावाचून कर नाही, या घोषणेवर ज्या देशाने स्वातंत्र्ययुद्ध पुकारले, त्याच्या राजधानीतील मोटारींच्या पाट्यांवर २००० सालापासून तीच तक्रार छापलेली असते.

त्या मानाने दिल्लीकर सुदैवी. त्यांचे लोकसभेत ७ आणि राज्यसभेत ३ सदस्य आहेत. परंतु संसदेतील ७ जागा हे घरच्या सत्तेचे उत्तर होत नाही. पोलीस ठाण्यातील अन्यायाचा जाब देशाच्या गृहमंत्र्याला विचारावा लागतो. आणि सीमेपासून काश्मीरपर्यंतचा भार वाहणाऱ्या त्या मंत्र्याला एका गल्लीतील भट्टीकडे पाहायला सवड नसते. ती असावी अशी अपेक्षाही गैर आहे. म्हणूनच तर राज्ये असतात.

गोव्याचे उदाहरण आपल्या शेजारचे आहे. १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन होण्याचे नाकारले, त्याचे दुःख त्या वेळी अनेकांना झाले. पुढे दोन दशके गोवा केंद्रशासित राहिला आणि ३० मे १९८७ रोजी त्याला राज्याचा दर्जा मिळाला. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती आणि दिल्लीची सुमारे १ कोटी ६८ लाख. गोमंतकीयांना त्यांचा हक्क मिळाला याचा आनंदच आहे. मात्र अकरा पटींहून अधिक माणसांना तो का नाही, याचे उत्तर राजधानीची सुरक्षा एवढेच असेल, तर सुरक्षा किती भूमीला हवी हे मोजून सांगावे. दिल्लीचे क्षेत्र १,४८३ चौरस किलोमीटर आहे. संसद, राष्ट्रपती भवन, मंत्रालये आणि बहुतेक वकिलाती नवी दिल्ली नगरपरिषदेच्या हद्दीत व तिच्या लगत येतात, आणि ती हद्द अवघी सुमारे ४३ चौरस किलोमीटर आहे. त्या तुकड्याचा बंदोबस्त केंद्राने जरूर पाहावा. नरेला, नजफगड, सीलमपूर, संगम विहार येथील पोलीस चौक्यांचा राष्ट्राच्या सुरक्षेशी असा कोणता संबंध आहे, की तेथील माणसाने आपला गृहमंत्री निवडू नये? दिल्ली पोलिसांचा खर्च केंद्र उचलते हा युक्तिवादही अधूनमधून ऐकू येतो. राज्य पूर्ण झाले तर खर्चही राज्याने उचलावा. दिल्लीला तो झेपणार नाही असे म्हणणाऱ्याने दिल्लीचा बाजार पाहिलेला नाही.

एका गोष्टीचा मात्र या मागणीच्या पुरस्कर्त्यांनाही विसर पडतो. त्या ४३ चौरस किलोमीटरमध्ये केवळ मंत्री आणि राजदूत राहत नाहीत. तेथे शिपाई, माळी, सफाई कामगार, मोलकरणी राहतात. २०११ मध्ये ही वस्ती अडीच लाखांच्या वर होती. त्यांच्या नगरपरिषदेवर थेट निवडून गेलेला नगरसेवक आजही नसतो. पूर्ण राज्य देताना हा तुकडा वेगळा काढून त्यांचे विधानसभेचे मतही हिरावले, तर अन्याय एका मोठ्या घरातून उचलून एका लहान खोलीत कोंडल्यासारखे होईल. बंदोबस्त केंद्राचा, पण मत राज्याचे, अशीच मांडणी आम्हाला योग्य वाटते.

ही मागणी कोणत्या पक्षाची, असे विचारणाऱ्यांनी जुनी कागदपत्रे काढावीत. २००३ मध्ये वाजपेयी सरकारच्या काळात दिल्लीला राज्य देणारे विधेयक लोकसभेत आले होते, नवी दिल्लीचा भाग वगळून; ते संसदीय समितीकडे गेले आणि लोकसभेबरोबर विझले. काँग्रेसनेही दिल्लीत विरोधात असताना ही मागणी केली आहे. आम आदमी पक्षाने तर तिच्यावरच राजकारण केले, आणि त्याच पक्षाने ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीर राज्याचे दोन केंद्रशासित तुकडे करण्याला पाठिंबा दिला. दुसऱ्याच्या घरावरची कौले उतरताना ज्यांनी टाळ्या वाजविल्या, त्यांच्या छपराला २०२१ आणि २०२३ मध्ये हात लागला. हक्क सर्वांचा असतो, निदान तो मागताना तसे मानावे लागते.

आणि आपण तरी किती सावध आहोत? १९४३ पासून कुंडल, वाळवा, येडेमच्छिंद्रच्या परिसरात क्रांतिसिंह नाना पाटील, नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिसरकार चालविले, गावोगावी न्यायदान केले. त्याच सुमारास, १९३९ मध्ये, औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने आपल्या लहानशा संस्थानाची सत्ता ग्रामपंचायतींच्या पायावर प्रजेकडे सोपविली होती. आटपाडी त्याच संस्थानात होती. ज्या गावाने राजाच्या अमदानीत स्वराज्य पाहिले, त्या गावचा गलाई कामगार आज प्रजासत्ताकाच्या राजधानीत अर्ध्या मताचा धनी आहे. पण त्याच मातीत सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासक बसले. १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना सुरू झालेल्या या परिषदा प्रशासकाच्या सहीने चालल्या. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयालाच निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. त्या काळात आपल्या किती तालुका समित्यांनी मोर्चा काढला? डॉ. लोहियांनी गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र अशा चौखांबी राज्याची कल्पना मांडली होती. यातील दुसरा खांब डोळ्यांदेखत काढून नेला गेला आणि आपण आरक्षणाच्या खटल्याची तारीख विचारीत बसलो, हे कबूल केले पाहिजे.

अर्धवट अधिकार असलेले सरकारही लोकांच्या किती कामी येते याचा एक दाखला स्मरणात ठेवण्याजोगा आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये शेतकरी दिल्लीच्या वेशीवर आले, तेव्हा पोलिसांनी त्यांना डांबण्यासाठी तात्पुरते तुरुंग म्हणून शहरातील ९ क्रीडांगणे मागितली. क्रीडांगणे देण्याचा अधिकार निर्वाचित सरकारकडे होता. त्याने नकार दिला.

दिवाळीत आणि यात्रेच्या दिवसांत गलाई व्यवसायातील मंडळी गावी येतात. विटा, आटपाडी, दहिवडी, वडूज येथील शाखांनी त्या वेळी त्यांच्या बैठका घ्याव्यात, दिल्लीत राहणाऱ्यांकडून त्यांचे अनुभव लिहून घ्यावेत, आणि दिल्लीला पूर्ण राज्याचा दर्जा व नवी दिल्ली नगरपरिषदेला निर्वाचित सभासद या दोन मागण्यांचा ठराव करून तो सातारा व सांगलीच्या खासदारांना नेऊन द्यावा. दिल्लीसाठी घटनादुरुस्ती करावयाची तर मते त्यांचीही लागणार आहेत.