अस्वलाला निमित्त लागतं

२५ जून २०२५ रोजी फ्लोरिडातून निघालेल्या ॲक्सिअम-४ मोहिमेत शुभांशु शुक्ला आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांबरोबर पाचवा प्रवासी होता. पांढरा, मऊ, कुशीत मावेल एवढा हंस. नाव जॉय. इंजिन थांबलं की तो तरंगू लागतो आणि वजनरहित अवस्था आल्याचं कळतं. समोरच्या पडद्यांवर सगळे आकडे दिसत असताना हे सांगायला हंस कशाला, असं कुणी विचारत नाही. ‘शून्य गुरुत्वाकर्षण दर्शक’ असं भारदस्त नाव दिलं की काम भागतं. त्यात शुक्लांनी सरस्वतीच्या वाहनाची आठवण करून दिली. मग हसायची कुणाची टाप?

मोठ्या माणसानं चारचौघांत खेळणं बाळगायचं तर असं काही निमित्त लागतं. लोकलच्या महिला डब्यात हल्ली ऑफिसच्या बॅगांना दात विचकणारे लबुबू बाहुले लटकतात. विचारलं तर उत्तर तयार असतं, ‘अगं, कीचेन आहे!’ किल्ली मात्र एकीलाही अडकवलेली नसते.

जपानचा फिगर स्केटर युझुरू हान्यू याचा पिवळाधमक विनी द पू स्पर्धेत रिंगणाच्या कठड्यावर बसलेला असायचा. पण तो टिश्यू पेपरच्या खोक्याचं कव्हर! नाक पुसायला कागद लागतोच ना. २०१८च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये जाहिरातीच्या नियमांमुळे ते खोकं बाहेर राहिलं. हान्यूचा नाच संपला आणि प्रेक्षकांतून पिवळ्या अस्वलांचा पाऊस पडला. एकाला मज्जाव, तर शेकडो आत. सुवर्णपदक हान्यूलाच मिळालं.

डोनाल्ड कॅम्पबेलचं निमित्त शकुनाचं होतं. १९६४ या एकाच वर्षात जमिनीवर आणि पाण्यावर वेगाचे जागतिक विक्रम करणारा हा ब्रिटिश गडी मिस्टर व्हॉपिट नावाचं इवलंसं अस्वल सोबत घेऊन यंत्रात बसायचा. ४ जानेवारी १९६७ला कॉनिस्टन सरोवरावर ताशी ४८० किलोमीटरच्या आसपास असताना त्याची वेगनौका ‘ब्लूबर्ड’ हवेत उलटली. मिस्टर व्हॉपिट तरंगत वर आला. कॅम्पबेलचा देह सापडायला २००१ साल उजाडलं. मधल्या काळात मुलगी जीना वेगाच्या विक्रमासाठी पाण्यात उतरली, तेव्हा बापाचं अस्वल तिच्याबरोबर होतं.

जॉन बेट्जमननं मात्र निमित्त शोधलंच नाही. लहानपणचं अस्वल आर्चिबाल्ड ऊर्फ आर्ची घेऊन तो १९२०च्या दशकात सरळ ऑक्सफर्डला शिकायला गेला. पुढे तो ब्रिटनचा राजकवी झाला, तरी आर्ची होताच. त्याचा मित्र, कादंबरीकार इव्हलिन वॉ यानं ही लकब उचलली आणि १९४५च्या ‘ब्राइड्सहेड रीव्हिजिटेड’मधल्या सेबॅस्टियनच्या काखेत ॲलॉयशस नावाचं अस्वल दिलं.

१९८१मध्ये या कादंबरीची टीव्ही मालिका झाली, तेव्हा अस्वल आलं पीटर बुलकडून. हा धिप्पाड नट ‘डॉक्टर स्ट्रेंजलव्ह’ सिनेमात रशियन राजदूत झाला होता. शाळकरी वयात तो वसतिगृहात असताना आईनं त्याचा टेडी जुन्या वस्तूंच्या विक्रीत देऊन टाकला. (आपल्याकडे अशा वेळी भंगारवाला दारात उभा असतो.) ते शल्य त्यानं बहुधा आयुष्यभर जपलं, अस्वलं गोळा केली, १९६९मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. तो टेडीबद्दल जाहीर बोलू लागल्यावर पोक्त माणसांच्या पत्रांचा ढीग पडला. आपलंही अस्वल आहे, असं सांगायला माणसं कुणीतरी विचारायची वाट पाहत होती. मालिकेतलं अस्वल त्याला मिळालं ते अमेरिकेतल्या एका किराणा दुकानातून. वर्षानुवर्षं तिथल्या फळीवर बसलेलं, म्हणून बुलनं त्याचं नाव ठेवलं डेलिकॅटेसन, म्हणजे खाद्यपदार्थांचं दुकान.

१९ मे १९८४ला बेट्जमन कॉर्नवॉलमधल्या घरी वारला, तेव्हा आर्ची आणि जंबो नावाचा कापडी हत्ती त्याच्याजवळ होते. दुसऱ्याच दिवशी, २० मेला, पीटर बुल गेला.