क्रौर्य म्हणजे आजार नव्हे

जून 2023 मध्ये मीरा रोडच्या गीता नगरमधल्या एका इमारतीत एका महिलेच्या मृतदेहाचे तुकडे सापडले. नया नगर पोलिसांनी तिच्यासोबत राहणाऱ्या पुरुषाला अटक केली आणि लोकलच्या डब्यापासून रिक्षा स्टँडपर्यंत निदान होऊनही गेलं: सायको असणार. कोणी तपासलं, कशावरून ठरवलं, हे विचारायची गरज भासली नाही. इतकं भयंकर काम शहाण्या माणसाच्या हातून होणारच नाही, अशी आपली ठाम समजूत आहे. ती चुकीची आहे आणि तिची किंमत भलतेच लोक मोजतात.

एखादं कृत्य ऐकून आपल्या अंगावर किती काटा येतो, यावरून मानसशास्त्र आजार ठरवत नाही. वागणं चारचौघांपेक्षा वेगळं आहे का, त्याचा त्या माणसाला स्वतःला त्रास होतो का, झोप, काम, नाती, रोजचे व्यवहार कोलमडलेत का, कुणाच्या जिवाला धोका आहे का, हे सगळं एकत्र तोलावं लागतं. नुसत्या वेगळेपणावरून काहीच ठरत नाही. मोहरमला छाती पिटून रडणारा नया नगरातला माणूस आणि आषाढीच्या वाटेवर भान हरपून नाचणारा वारकरी, दोघेही परक्याला विचित्र वाटू शकतील. पण त्यांच्या माणसांत त्या वागण्याला अर्थ आहे, म्हणून तो आजार नाही. बहुमताची मोजपट्टी लावली की काय होतं, हे या शास्त्राने स्वतः भोगलं आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत 1973 पर्यंत समलैंगिकता हा विकार होता. आपला 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा तर स्पष्टच सांगतो की समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक धारणांशी न जुळणं हा मानसिक आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही.

गुन्हेगार कधी आजारी नसतोच, असं मात्र नाही. एकामागून एक खून करणाऱ्या रामन राघवला मुंबई अजून विसरलेली नाही. 1968 मध्ये तो पकडला गेला, त्याला फाशी सुनावली गेली. पुढे मनोविकारतज्ज्ञांच्या समितीने त्याच्याशी बोलून, त्याला तपासून स्किझोफ्रेनियाचं निदान केलं आणि 1987 मध्ये उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. ते निदान खुनांचा आकडा पाहून झालं नव्हतं. त्याच्या मनात घट्ट बसलेले भ्रम तपासून झालं होतं.

आणि ज्यांना हा आजार होतो, त्यातले बहुतेक कुणाच्या केसालाही धक्का लावत नाहीत. एखादा विशीतला मुलगा घ्या. कॉलेज सुटलं, आंघोळ सुटली. टीव्हीवर चादर टाकून ठेवतो, कारण बातम्या देणारी बाई आपल्याचबद्दल बोलते याची त्याला खात्री आहे. चहाचा पहिला घोट आईला घ्यायला लावतो. रात्री उठून उठून दाराची कडी चाचपतो. तो घाबरलेला असतो, आणि घरचे त्याहून जास्त. शेजारची एक बाई म्हणते ‘साया है’, दुसरी म्हणते ‘बाहेरचं झालंय’. ताईत होतो, उतारा होतो, वर्ष हातचं जातं. मीरा रोडहून घोडबंदर रस्त्याने गेलं तर ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय काही लांब नाही. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीच्या 14416 क्रमांकावर एक पैसा न देता बोलता येतं. पण ज्या आईने खुनी आणि मनोरुग्ण हे दोन शब्द एका दमात ऐकले आहेत, ती पोराला त्या फाटकातून आत कशी नेणार? लोक काय म्हणतील, थोरलीचं लग्न कसं जमेल, हेच तिच्या डोक्यात घोळणार. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 2015-16 मध्ये वेगवेगळ्या विकारांचे 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांबाहेर आढळले. त्याला डॉक्टरांची टंचाई कारण आहेच, पण ही भीतीही आहे, आणि ती आपण पसरवली आहे.

आरोपीचा गुन्हा न्यायालय ठरवेल, त्याचा आजार डॉक्टर ठरवतील. पोलिसांनी, वाहिन्यांनी आणि आम्हा छापणाऱ्यांनी एवढं पथ्य आजपासून पाळावं: कुणालाही ‘मनोरुग्ण’ म्हणायचं असेल, तर त्याची तपासणी कोणत्या डॉक्टरांनी, कधी केली, हे त्याच बातमीत आलं पाहिजे. ते सांगता येत नसेल, तर तो शब्द काढून टाकावा.